एका दुर्मिळ इंग्रजी आडनांवाची कुळकथा

आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव जवळ येतांच स्मरणिका-मंडळानें मजकडे एका ऐतिहासिक लेखाची मागणी केली. इतिहास लिहावयाचा तर दप्तर उघडावें लागतें. म्हणून मीं बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या कपाटांतून बाहेर काढल्या आणि एकेक पान वाचूं लागलों. वसावे, पाडवी, वळवी, गावित, नाईक, पावरा. पुन्हां वसावे, पुन्हां पाडवी. पानेंच्या पानें उलटलीं तरी आडनांवें दहा-बारांच्या पलीकडे जाईनात. माणसें शेंकडों, पण आडनांवें मोजकीं, असा हा आपल्याकडील प्रकार आहे.

योगायोग असा कीं, त्याच संध्याकाळीं एक तरुण पिता आपल्या तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा ठरविण्याकरितां आला. तो म्हणाला, “फादर, पोराचं नांव स्टीफन ठेवायचं ठरवलं आहे. पण एक मागणं आहे. वहीत आडनांवही एखादं ख्रिस्ती लिहा ना. इंग्रजी असलं तर फारच चांगलं. आमचं आडनांव पाड्यापाड्यांत शंभर जणांचं. शहरांत ते सांगितलं कीं समोरच्याची नजर बदलते.”

त्याच्या बोलण्यांत फुशारकी नव्हती, दुःख होतें. म्हणून मीं त्याला थट्टेनें वाटेस लाविलें नाहीं. “पंधरा दिवस थांब, मग सांगतों,” एवढेंच म्हणालों. त्या पंधरा दिवसांत जें वाचिलें व आठविलें, तेंच येथें सादर करीत आहें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत धरिली पाहिजे. ‘ख्रिस्ती आडनांव’ अशी वस्तु मुळांतच नाहीं. शुभवर्तमानांत आडनांवाचा कोणी मनुष्य आढळत नाहीं. योनाचा पुत्र शिमोन, मग्दालाची मरीया, अरिमथाईचा योसेफ, अशीच माणसांची ओळख तेथें दिलेली आहे. कोणी बापावरून, तर कोणी गांवावरून. इंग्लंडांतहि १०६६ सालच्या नॉर्मन स्वारीपूर्वीं सामान्य मनुष्यास एकच नांव असे. पुढें आधीं जमीनदारांत आणि मग चौदाव्या शतकाच्या सुमारास सामान्य रयतेंत आडनांवें स्थिर झालीं. त्यांचे चार वर्ग सांगतात. कांहीं बापाच्या नांवावरून आलीं, कांहीं राहत्या ठिकाणावरून, कांहीं धंद्यावरून, तर कांहीं टोपणनांवांवरून. ‘स्मिथ’ म्हणजे लोहार. ‘हिल’ म्हणजे टेकडीजवळचा. आपल्याकडील लोहार, सुतार, अमुककर, कोल्हे आणि कावळे यांच्याहून हा प्रकार निराळा नाहीं. इंग्रजांचीं आडनांवें आकाशांतून पडलीं नाहींत. तींहि शेतांत, भात्याजवळ आणि चावडीवर जन्मलीं.

इंग्रजी आडनांवाचा मनुष्य आपल्या नंदुरबारांतहि फार पूर्वीं येऊन गेला आहे. विल्यम फिंच नांवाचा व्यापारी १६१० च्या जानेवारींत सुरतेहून बऱ्हाणपुरास निघाला. त्याच्या प्रवासवृत्तांत नंदुरबारचा उल्लेख आहे. फिंच हें एका लहान गाणाऱ्या पक्ष्याचें नांव. तेव्हां त्याचा कोणी पूर्वज गोड गळ्याचा किंवा चिमणीसारखा चपळ असावा आणि शेजाऱ्यांनीं त्यास तें नांव ठेविलें असावें. पुढें १६६६ सालीं इंग्रजांनीं नंदुरबारांत वखारहि घातली. ज्या आडनांवांस आज आपण प्रतिष्ठेचीं समजतों, त्यांचे धनी येथें कापडाचा भाव करीत बसत होते.

दुसरें नांव औट्रम. लेफ्टनंट जेम्स औट्रम यानें १८२५ सालीं खानदेशांत भिल्लांची पलटण उभारण्यास आरंभ केला. आमच्या कित्येकांच्या पूर्वजांस आडनांवासह सरकारी हजेरीपटावर चढविणारा हाच गृहस्थ म्हणावयास हरकत नाहीं. हें आडनांव इंग्लंडांतहि फारसें आढळत नाहीं. त्याविषयीं एक आख्यायिका पुष्कळ दिवस प्रचलित होती. जेम्सचा बाप बेंजामिन औट्रम हा लोखंडी रुळांचे मार्ग बांधणारा प्रसिद्ध कारागीर होता. म्हणून ‘ट्राम’ हा शब्द ‘औट्रम’ या आडनांवाचें शेंपूट तोडून झाला, असें लोक सांगत. ऐकावयास गोष्ट गोड आहे. पण ती खोटी आहे. ‘ट्राम’ हा शब्द बेंजामिन जन्मण्यापूर्वींच खाणींतल्या लोकांच्या तोंडीं होता. आडनांवाच्या बाबतींत कानाला जें जुळतें तें सर्वच खरें नसतें, हा यांतला धडा.

आतां आडनांव दुर्मिळ कां होतें, हें पाहूं. एखादें आडनांव एकाच लहान खेड्यावरून व एकाच घराण्यापासून निघालें असेल, तर तें आरंभापासूनच विरळ असतें. त्यांत घरांत मुलगे झाले नाहींत कीं वंशाबरोबर तें नांवहि बुडतें. १८७३ सालीं फ्रान्सिस गॉल्टन यानें हा प्रश्न गणितज्ञांपुढें ठेविला आणि हेन्री वॉटसन या पाद्रीसाहेबांनीं तो सोडविण्याचा यत्न केला. सर्व आडनांवें कालांतरानें नष्टच होणार, असें त्यांचें गणित निघालें. पुढील गणितज्ञांनीं त्यांतली चूक दाखविली. दर पुरुषामागें सरासरी एकाहून अधिक मुलगे होत असतील तर नांव टिकण्याचा संभव असतो. तसें नसेल तर मात्र तें केव्हां ना केव्हां संपतेंच. तिसरें कारण याहून साधें आहे, तें म्हणजे लिहिणाराची लेखणी. कारकुनानें एक अक्षर बदललें कीं जुनें आडनांव मरतें आणि नवें जन्मतें.

या तिसऱ्या कारणाचें सर्वांत बोलकें उदाहरण आपल्या मराठी भाषेच्या इतिहासांतच सांपडतें. १९०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कॅथॉलिक ज्ञानकोशाच्या तिसऱ्या खंडांत गोव्याच्या एका येशूसंघीय धर्मगुरूचें चरित्र आहे. तें ‘बस्टन’ या आडनांवाखालीं दिलेलें आहे. इतर ग्रंथांत याच पुरुषास कोणी ‘बस्टेन’, तर कोणी ‘बबस्टन’ म्हटलें आहे. बस्टन हें आडनांव इंग्लंडांत आहे, पण फार थोड्यांचें आहे. उत्तरेकडे नॉर्थंबरलंड परगण्यांत त्या नांवाचीं खेडींहि आहेत. मग साहजिकच वाचकाची समजूत होते कीं, हा धर्मगुरु त्या दुर्मिळ कुळांतला असावा.

वाचकहो, हे बस्टन म्हणजे दुसरे कोणी नसून ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स होत!

त्यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडच्या विल्टशर परगण्यांत झाला. गांवाचें नांव बुश्टन. या ग्रामनामाचा अर्थ ‘बिशपांचें खेडें’ असा नामशास्त्रज्ञ लावितात. बाप थॉमस स्टीफन्स हा लंडनांत व्यापार करी. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत कॅथॉलिक पंथ पाळणें संकटाचें झालें होतें. तरुण थॉमस हा आपला मित्र थॉमस पाउंड याजबरोबर नोकराच्या वेषांत हिंडत असे. दोघांनींहि रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावयाचा बेत केला होता. परंतु पाउंड पकडला गेला आणि स्टीफन्स एकटाच रोमला पोंचला. २० ऑक्टोबर १५७५ रोजीं त्याला संघांत घेतलें. ४ एप्रिल १५७९ रोजीं त्यानें लिस्बन सोडलें आणि २४ ऑक्टोबरला तो गोव्यास उतरला. हिंदुस्थानांत येऊन कायमचा राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासांत त्याचीच नोंद आहे.

आतां त्याच्या नांवाची गंमत पाहा. गोव्याहून त्यानें बापास लिहिलेलें पत्र हॅक्लूट यानें १५८९ सालीं छापिलें. त्यांत तो ‘स्टीव्हन्स’ झाला. पोर्तुगीजांत तो ‘थोमास एस्तेव्हांव’ झाला. लॅटिन कागदांत तो ‘स्तेफानुस’ झाला. हीं तिन्ही एकाच नांवाचीं रूपें आहेत; कारण स्टीफन्स म्हणजे स्टीफनचा वंशज, आणि स्टीफन या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मुकुट. पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन याचेंच तें नांव. इंग्लंडांत या आडनांवाचीं घरें इतकीं, कीं एक थॉमस स्टीफन्स दुसऱ्या थॉमस स्टीफन्सपासून वेगळा कसा ओळखावा, हा प्रश्नच पडावा. म्हणून कोणीतरी लिहिणारानें त्याच्या नांवापुढें गांवाचें नांव घातलें, ‘बुश्टनचा’. परकीय कानांनीं तें ऐकिलें, परकीय हातांनीं उतरून घेतलें. बुश्टनचें ‘बबस्टन’ झालें, बबस्टनचें ‘बस्टन’ झालें आणि ‘चा’ गळून पडला. खूण म्हणून घातलेला शब्द आडनांव होऊन बसला आणि खरें आडनांव बाजूस पडलें. या पुरुषापुरतें बोलावयाचें तर, तें दुर्मिळ आडनांव त्याचें कधींच नव्हतें.

परंतु याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. नांवांच्या एवढ्या गोंधळांत हा पुरुष हरवला कां नाहीं? कारण त्याची ओळख आडनांवावर टेकलेली नव्हती. १५८३ सालीं न्यूबेरी, फिच वगैरे चार इंग्रज होर्मूझ येथें धरले जाऊन गोव्याच्या तुरुंगांत आले, तेव्हां त्यांना जामिनावर सोडविण्याच्या कामीं स्टीफन्स याची मध्यस्थी उपयोगी पडली. ते इंग्रज पंथानें त्याचे विरोधक होते, तरी संकटांतला मनुष्य म्हणून त्यानें त्यांस ओळखिलें. यांतलाच राल्फ फिच पुढें खानदेशांतून बऱ्हाणपुरावरून उत्तरेस गेला. त्याच १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत स्टीफन्सनें इकडच्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशीं मिळतीजुळती असल्याचें नमूद केलें. त्यानें साष्टींतल्या खेड्यांत राहून लोकांची बोली आत्मसात केली. आणि १६१६ सालीं राशोल येथें त्याचें ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झालें. या पुराणाचे दोन भाग असून १९०७ सालच्या मंगळूर आवृत्तींत १०,९६२ ओव्या आहेत. त्याचें कोंकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं छापलें गेलें. हिंदी भाषांपैकीं एखादीचें छापील व्याकरण म्हणून तें पहिलें मानितात. १६१९ सालीं गोव्याच्या भूमींतच त्याचा देह पडला. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकाहि छापील प्रतीचा आज पत्ता नाहीं; हस्तलिखितांवरून ग्रंथ वांचला. म्हणजे ग्रंथाच्या प्रती गेल्या, कर्त्याचें आडनांवहि कांहीं काळ बदललें. पण लोकांनीं ओव्या उतरून ठेविल्या आणि वाचीत राहिले, म्हणून दोन्हींचा पुन्हां शोध लागला.

आतां मला एक कबुली द्यावयाची आहे. बुश्टनचा बस्टन करणाऱ्या त्या अज्ञात लेखकास मी दोष देऊं शकत नाहीं. कारण तोच अपराध माझ्याहि हातून झालेला आहे. नवीनच धर्मगुरु झालों होतों तेव्हां एकाच रविवारीं मीं दोन मुलांना बाप्तिस्मा दिला. दोघांचें नांव एक, आडनांव एक आणि बापाचें नांवहि एकच! घोटाळा नको म्हणून मीं एकाच्या नांवापुढें कंसांत त्याच्या पाड्याचें नांव लिहिलें, आंबापाडा. पुढें दाखल्याची नक्कल करितांना मींच घाईनें कंस गाळला आणि आडनांव लिहावयाचेंहि विसरलों. शाळेंत त्या मुलाचें आडनांव ‘आंबापाडे’ असें चढलें. कित्येक वर्षांनीं तो जमातीच्या दाखल्यासाठीं हिंडूं लागला, तेव्हां आजाच्या सातबाऱ्यावर एक आडनांव आणि नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरें! तो आजाचाच नातू आहे, हें सिद्ध करावयास त्याला प्रतिज्ञापत्रें करावीं लागलीं, साक्षीदार न्यावे लागले आणि मजुरीचे दिवस बुडवावे लागले. तो मला रागें भरला नाहीं. “फादर, तुम्ही मला एक नवीन कुळ दिलं,” असें म्हणून हंसला. त्या हंसण्यानें मला जितकी लाज वाटली, तितकी रागानेंहि वाटली नसती.

इतिहासकारांनीं स्टीफन्सला त्याचें आडनांव परत मिळवून दिलें, तेव्हां त्यास जाऊन शतकें लोटलीं होतीं. माझ्या त्या मुलाला मात्र तें जिवंतपणींच परत मिळवावें लागलें. आडनांव हा नुसता शब्द नसून आजा, जमीन आणि नातू यांना बांधणारी ती दोरी आहे. शिक्षितांना ती दोरी तुटल्याचें दुःख विद्वत्तेचें असतें. गरिबाला तें पोटाचें असतें.

मग आमचीं आडनांवें हीन आहेत काय? अक्कलकुवा व सागबारा या भागांतील भिल्ल प्रमुखांना ‘वसावा’ म्हणत. काठी संस्थानचे प्रमुख पाडवी होते. त्यांच्या काठीची होळी पाहावयास अद्यापि दूरदूरचे लोक सातपुडा चढून येतात. ‘नाईक’ हा तर मुळांत पुढारीपणाचाच शब्द. पावरा लोक आपलें नांव पावागडावरून आलें असें परंपरेनें सांगतात. ज्या कसोटीनें इंग्रजांचीं आडनांवें स्थळावरून, मानावरून वा पूर्वजावरून आलीं असें म्हणावयाचें, त्याच कसोटीस हींहि उतरतात. शंभर जणांचें एकच आडनांव असणें हा कमीपणा म्हणावा, तर स्टीफन्स हें तरी कोठें दुर्मिळ होतें? शंभर जणांचें नांव एक असणें म्हणजे शंभर जण एकमेकांचे लागत असणें.

साष्टी व वसई येथें सोळाव्या शतकांत निराळा प्रकार घडला, हें खरें. तेथील नवख्रिस्ती लोकांस बाप्तिस्म्याच्या वेळीं पोर्तुगीज आडनांवें मिळालीं. पुष्कळदां तीं धर्मपित्याचींच असत. तीं आडनांवें आज त्या समाजाचींच झालीं आहेत आणि त्यांत कांहीं उणें नाहीं. वसईच्या मातींतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आडनांवानें त्यांच्या मराठीला कोठेंहि अडविलें नाहीं. उलट १८९५ सालीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक हे शेवटपर्यंत टिळकच राहिले. त्या आडनांवानें त्यांच्या ख्रिस्तभक्तीला अडविलें नाहीं. जें ज्याला वारशानें आलें, तें त्यानें मानानें वागवावें, हेंच दोन्ही उदाहरणांचें तात्पर्य.

ख्रिस्तसभेचा नियमहि याहून वेगळें सांगत नाहीं. इंग्लंडांत १५३८ सालीं राजाज्ञेनें धर्मग्रामांतून बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या सुरू झाल्या. १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मसभेनें विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा दिली. १९८३ सालच्या धर्मसंहितेप्रमाणें बाप्तिस्म्याच्या वहींत बालकाचें नांव, आईबाप, धर्ममातापिता, साक्षीदार, स्थळ व तिथि यांची नोंद करावयाची असते. नांव ख्रिस्ती भावनेस परकें नसावें, एवढीच त्यांत अट आहे. आडनांव बदलावें असें कोणींहि, कधींहि सांगितलेलें नाहीं. बाप्तिस्मा मनुष्याला नवा जन्म देतो. पण त्याचा आजा हिरावून घेत नाहीं.

पंधरा दिवसांनीं तो तरुण पिता बायको-मुलासह आला. मीं त्याला बुश्टनची गोष्ट सांगितली. माझ्या चुकीचीहि सांगितली. दुसरी गोष्ट ऐकतांना तो अधिक लक्ष देत होता. शेवटीं म्हणाला, “म्हणजे फादर, स्टीफन हें नांव ज्याचं होतं, त्याचंही आडनांव लोकांनीं बिघडवलंच?” मीं म्हटलें, “होय. पण तो बिघडला नाहीं.” तो थोडा वेळ गप्प राहिला. शहरांतल्या त्या नजरेला माझ्यापाशीं कांहीं औषध नव्हतें, हें मीं त्याच्यापासून लपविलें नाहीं.

रविवारीं मिस्सेनंतर बाप्तिस्मा झाला. मीं वही उघडून लेखणी हातीं घेतली, तेव्हां तो माझ्या खांद्याशीं येऊन उभा राहिला. मीं बालकाचें नांव लिहिलें, मग बापाचें, मग आजाचें आणि मग आडनांव. पाड्याचें नांव त्याच्या वेगळ्या रकान्यांत लिहिलें. त्यानें प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचिलें आणि म्हणाला, “बरोबर आहे.”

हा महोत्सव साजरा करितांना भाविकांस माझी एवढीच विनंती आहे कीं, घरीं जातांच आपापला दाखला काढून असाच बोट ठेवून वाचावा. त्यांत चूक आढळली तर संकोच न करितां मजकडे यावें. वही माझ्या कपाटांत असली तरी त्यांतलीं नांवें तुमचीं आहेत.